दहा हजार पौंडांचे प्रेम : इंग्रजी कादंबरीतील विवाहाविषयी

इंग्रजी विषय घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न वर्षानुवर्षे हमखास पडत आला आहे. अमुक कादंबरीतील प्रेम आणि विवाह ह्या विषयांची चर्चा करा. प्रश्न ठरलेला, तसे उत्तरही ठरलेले. बाजारातल्या गाइडमध्ये ते तयार मिळते. प्रेम अहंकारावर मात करते, खरे प्रेम पैसा पाहत नाही, शेवटी सद्गुणांना त्यांचे फळ मिळते. विद्यार्थी हे पाठ करतो, लिहितो, पास होतो. मीही असाच पास झालो.

पुढे शिकवायला उभा राहिलो. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' शिकवताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, खरे प्रेम पैसा पाहत नाही म्हणता, तर मग ह्या पुस्तकात जो माणूस येतो त्याचे वार्षिक उत्पन्न अगोदर का सांगतात? आमच्याकडे सोयरीक आणणारे असेच बोलतात." वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही, कारण तिने जे पाहिले ते मी एम.ए. होईपर्यंत पाहिले नव्हते. त्या दिवशी तिला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे असे समजावे.

'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ साली प्रसिद्ध झाली. बेनेट कुटुंबात पाच मुली आहेत. बापाची इस्टेट वर्षाला दोन हजार पौंड देते, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी आहे. पण ही इस्टेट पुरुष वारसाला बांधलेली आहे. बाप मेला की ती मुलींकडे जाणार नाही, कॉलिन्स नावाच्या दूरच्या भावबंदाकडे जाईल. तो पाद्री आहे आणि कमालीचा मूर्ख आहे. ह्या कॉलिन्सने एलिझाबेथला मागणी घातली तेव्हा तो तिला हिशेब सांगतो. आई मेल्यावर तुझ्या वाट्याला हजार पौंड येतील, चार टक्क्यांच्या रोख्यांत गुंतवलेले. म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. आता शेजारी दुसरी कादंबरी ठेवू. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मधील जेन एका श्रीमंताच्या घरी राहून त्याच्या आश्रयाला असलेल्या मुलीला शिकवते, तेव्हा तिला वर्षाला तीस पौंड आणि राहणे-जेवण मिळते. मागणी नाकारताना एलिझाबेथच्या पुढे काय वाढून ठेवले होते हे ह्या दोन आकड्यांवरून कळते. गाइडमध्ये 'स्वाभिमानी नायिका' असे दोन शब्द असतात. त्या स्वाभिमानाची किंमत वर्षाला चाळीस पौंडांवर जगण्याची तयारी ही होती.

एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला तिची मैत्रीण शार्लट ल्यूकस दोन-तीन दिवसांत होकार देते. शार्लट सत्तावीस वर्षांची, रूपाने साधी, हुंड्याने बेताची. तिला कॉलिन्स काय आहे हे पुरते ठाऊक आहे. आमचे विद्यार्थी तिला 'व्यवहारी' म्हणून बाजूला सारतात. मला मात्र संपूर्ण कादंबरीत ती सर्वांत खरी वाटते. शिकलेल्या पण पैसा नसलेल्या स्त्रीला पोट भरण्याचा दुसरा प्रतिष्ठित मार्ग त्या समाजाने ठेवलाच नव्हता. लग्न करून ती आपली बसायची खोली घराच्या मागच्या बाजूला निवडते, म्हणजे नवरा दिवसभर तिथे येऊन बसणार नाही. एवढ्या एका तपशिलात ऑस्टिनने एक सबंध संसार सांगितला आहे.

डार्सीचे उत्पन्न वर्षाला दहा हजार. तो पहिली मागणी घालतो तेव्हा प्रेमापेक्षा तिच्या घराण्याच्या हलकेपणावर जास्त बोलतो, आणि ती त्याला झिडकारते. ते प्रकरण वाचताना आपल्यालाही उत्साह येतो. पुढे डार्सीची मावशी, लेडी कॅथरिन, एलिझाबेथला धमकावायला येते. तिला स्वतःची मुलगी डार्सीला द्यायची आहे. दोन्ही इस्टेटी एकत्र व्हाव्यात असा बेत पाळण्यात ठरलेला. येथे एलिझाबेथ जे उत्तर देते त्याची वाहवा होते. पण ते उत्तर नीट ऐकले पाहिजे. माणूस म्हणून आम्ही समान आहोत असे ती म्हणत नाही. तिचे म्हणणे असे की डार्सी हा जंटलमन आहे आणि मीही एका जंटलमनची मुलगी आहे, तेव्हा येथवर आम्ही बरोबरीचे. म्हणजे कुंपण तिला मान्य आहे. आपण कुंपणाच्या आत आहोत, एवढेच ती सिद्ध करते. तिच्याऐवजी गिरणीतल्या कामगाराची किंवा त्याच घरातल्या मोलकरणीची मुलगी असती तर हा युक्तिवाद उभाच राहिला नसता.

मोलकरणी ह्या कादंबरीत आहेत, पण दिसत नाहीत. नेदरफील्डच्या नाचाआधी चार-पाच दिवस पाऊस लागतो, मुलींना बाहेर पडता येत नाही, आणि बुटांवर लावायची फितीची फुलेसुद्धा दुसऱ्याकरवी आणावी लागतात असे ऑस्टिन एका ओळीत सांगून जाते. हा दुसरा कोण? त्या चिखलातून कोणाचे पाय गेले? जो बेकर ह्या लेखिकेने २०१३ साली 'लाँगबोर्न' नावाची कादंबरी लिहून ह्याच घरातल्या नोकरांच्या बाजूने सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. दोनशे वर्षे लागली. वाचणारा कोणत्या घरातून आला आहे त्यावर तो काय वाचतो हे ठरते, असे आपण दलित साहित्याच्या चर्चेत सतत म्हणत आलो. त्याचा हा परदेशी दाखला आहे.

हे सगळे समजायचे तर त्या काळचा कायदा थोडा पाहावा लागेल. लग्न होताच इंग्लंडमधील स्त्रीचे कायद्यातील स्वतंत्र अस्तित्व संपत असे. तिचा रोख पैसा, दागिने, तिने मिळवलेला पगार, सर्व नवऱ्याचे होई. जमीन तिच्या नावे असली तरी उत्पन्न त्याच्या ताब्यात जाई. श्रीमंत बाप लग्नाआधी वकिलाकडून करारपत्र करवून मुलीसाठी काही वेगळे राखून ठेवीत; गरीब बापाला ते परवडत नसे. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ही स्थिती बदलली. १८५७ पर्यंत घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून खास कायदा पास करून घ्यावा लागे. १८५७ नंतर न्यायालय झाले, पण बायकोचा व्यभिचार नवऱ्याला पुरेसा आणि नवऱ्याचा व्यभिचार बायकोला अपुरा. तिला त्यासोबत क्रौर्य किंवा सोडून जाणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा भेद १९२३ साली गेला. तेव्हा ह्या कादंबऱ्यांतील मुली होकार द्यायला तीनशे पाने घेतात ते लाजेपायी घेत नाहीत. तो होकार म्हणजे परत न मिळणारी सही होती.

ह्या इंग्रजी कायद्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा ही इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेली गोष्ट. बालपणी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईवर तिच्या नवऱ्याने १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात हाच दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी तो फेटाळला, पण अपिलात तो निर्णय फिरला आणि १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला. रखमाबाईने तुरुंग पत्करला. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि ती पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाली. विलक्षण गोष्ट अशी की ज्या १८८४ साली हा दावा लागला त्याच साली इंग्लंडने आपल्याकडे ह्या कारणासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द केली होती. इंग्लंडने १९७० मध्ये तो दावाच कायद्यातून काढून टाकला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो अजून आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. लग्न ह्या एका घटनेभोवती इंग्रजी कादंबरी शंभर वर्षे का फिरत राहिली? माझ्या मते त्याचे कारण इंग्रज समाजाच्या रचनेत आहे. तिथल्या वर्गांना भिंती होत्या, पण दारही होते. व्यापारात पैसा केलेल्याचा मुलगा इस्टेट घेऊन जंटलमन होऊ शकत होता. ह्याच कादंबरीतील बिंगलेच्या बापाने उत्तरेकडे व्यापारात लाखभर पौंड मिळवले आणि मुलगा आता जमीनदारांत वावरतो. मुलीला मात्र त्या दारातून जायची एकच वाट, लग्न. दार उघडेल की नाही ही अनिश्चितता होती म्हणूनच कादंबरीला गोष्ट मिळाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातीविषयीचा निबंध वाचला. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग, आणि ती बंदिस्त राहते ती केवळ जातीअंतर्गत विवाहामुळे, हा त्याचा गाभा. त्यात त्यांनी एक अंकगणित मांडले आहे. गटाबाहेर लग्न बंद करायचे तर गटातील स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली राहिली पाहिजे. नवरा मेला की स्त्री 'जास्तीची' होते, बायको मेली की पुरुष जास्तीचा होतो. मग त्या जास्तीच्या स्त्रीला नवऱ्याबरोबर जाळायचे किंवा जन्मभर विधवा ठेवायचे, आणि जास्तीच्या पुरुषाला अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ह्यांची अशी उपपत्ती त्यांनी लावली.

हे वाचल्यावर मला इंग्लंडमधील एक वाद आठवतो. १८५१ च्या जनगणनेत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त निघाल्या आणि ह्या 'फाजील' स्त्रियांचे काय करायचे ह्यावर तिथे खूप लिहिले गेले. डब्ल्यू. आर. ग्रेग ह्याने १८६२ साली ह्याच विषयावर निबंध लिहून त्यांना वसाहतींत पाठवावे असे सुचवले. जॉर्ज गिसिंगने १८९३ साली 'द ऑड विमेन' ही कादंबरी त्यांच्यावर लिहिली. बाईला नवऱ्याच्या हिशेबात मोजायचे आणि उरली तर ती शिल्लक धरायची, ही दृष्टी दोन्हीकडे एकच. पण इंग्लंडमध्ये शिल्लक राहिलेली बाई शिक्षिका झाली, जहाजात बसली, काही थोड्या लेखिका झाल्या. आपल्याकडे तिला चितेवर किंवा अंधाऱ्या खोलीत जागा मिळाली. म्हणून मराठी कादंबरी सुरू झाली तीच विधवेपासून. बाबा पद्मनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. हरि नारायण आपट्यांची यमूही त्याच वाटेने जाते. कळायला लागायच्या आत मुलीचे लग्न झालेले असताना नायक-नायिकेने एकमेकांना पारखण्याची तीनशे पाने कुठून येणार? आणि हेही पांढरपेशा घरांपुरते. गावकुसाबाहेरच्या मुलीचे लग्न, तिचा होकार-नकार, ह्याची गोष्ट त्या कादंबऱ्यांत कोणी सांगितली नाही.

'जेन एअर' १८४७ ची. जेन ही अनाथ, गरीब, पगारी शिक्षिका, आणि तिच्यावर प्रेम करणारा रॉचेस्टर हा घराचा मालक. घरकारभारीण मिसेस फेअरफॅक्स तिला सावध करते की अशा दर्जाचे गृहस्थ आपल्या मुलांच्या शिक्षिकेशी लग्न करीत नसतात. लग्नाच्या वेळीच उघड होते की रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत आहे, त्याच घराच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली. जेन त्याची ठेवलेली बाई होऊन राहायला नकार देऊन रातोरात निघून जाते. हा नकार मोठा आहे ह्यात शंका नाही.

पण मला वर्गात थांबावे लागते ते तिसऱ्या मजल्यावर. बर्था मेसन जमेकाची. तिच्या बापाने तीस हजार पौंड हुंडा दिला. रॉचेस्टरच्या बापाला इस्टेटीचे तुकडे करायचे नव्हते, ती थोरल्याला द्यायची होती, म्हणून धाकट्याची सोय त्याने ह्या हुंड्यात पाहिली. जमेकाचा पैसा म्हणजे उसाचे मळे, आणि मळे म्हणजे गुलाम. ते तीस हजार कायद्याने नवऱ्याचे झाले. बाई वेडी ठरली. वेड हे घटस्फोटाचे कारण इंग्लंडमध्ये १९३७ च्या कायद्यापर्यंत नव्हते. संपूर्ण कादंबरीत बर्थाला स्वतःच्या तोंडाने काही सांगू दिलेले नाही. ती हसते, गुरगुरते, आग लावते. तिच्याविषयी जे कळते ते नवऱ्याच्या तोंडून कळते. डॉमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हीसने १९६६ साली 'वाइड सारगॅसो सी' लिहून तिला बोलते केले. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक ह्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की जेनचे व्यक्तिमत्त्व फुलावे म्हणून बर्थाला जळावे लागते. एका स्त्रीच्या मुक्तीची गोष्ट दुसऱ्या स्त्रीच्या राखेवर उभी असू शकते, हे आपल्याकडच्या स्त्रीमुक्तीच्या चर्चेतही दलित स्त्रियांनी वेगळ्या शब्दांत सांगितलेले आहे.

जेनला दुसरी मागणी येते ती सेंट जॉन रिव्हर्सची. त्याला मिशनरी म्हणून हिंदुस्थानात जायचे आहे. तो तिला हिंदुस्थानी भाषाही शिकायला लावतो. ती बहीण म्हणून, मदतनीस म्हणून यायला तयार आहे, बायको म्हणून नाही, कारण त्याला बायको नको, काम करणारी हवी आहे. परोपकाराच्या नावाखाली बाईचा देह आणि श्रम मागणारा हा माणूस चळवळीतल्या वाचकांनी जरूर ओळखून ठेवावा. आपल्यातही तो भेटतो.

शेवटी जेनला काकाचे वीस हजार पौंड मिळतात, ती त्यांतले पंधरा हजार तिघा आतेभावंडांत वाटते, आणि मग आंधळ्या झालेल्या रॉचेस्टरकडे स्वतःच्या पैशाने परत येते. प्रेमात समानता यावी म्हणून लेखिकेला एकीला वारसा द्यावा लागला आणि दुसऱ्याचे डोळे काढावे लागले.

त्याच १८४७ साली शार्लटची बहीण एमिली हिची 'वुदरिंग हाइट्स' आली. आपल्या विद्यार्थ्यांना ही कादंबरी अवघड जाते, आणि माझा अनुभव असा की एकदा समजली की तीच त्यांची होते.

अर्नशॉ नावाचा शेतकरी लिव्हरपूलहून एक मळके, काळे पोर घेऊन येतो. पोर कोणाचे, कुठले, कळत नाही. लिव्हरपूल हे गुलामांच्या व्यापाराचे बंदर होते हे येथे लक्षात ठेवावे. घरात त्याला आरंभी माणसासाठी वापरायचे सर्वनामही मिळत नाही; निवेदन करणारी मोलकरीण नेली त्याला वस्तूसारखे 'ते' म्हणते. त्याला मेलेल्या मुलाचे नाव देतात, हेथक्लिफ, आणि तेच नाव आणि तेच आडनाव. म्हातारा मेल्यावर त्याचा मुलगा हिंडली पहिली गोष्ट कोणती करतो? हेथक्लिफचे शिक्षण बंद करतो आणि त्याला शेतावर राबायला लावतो. कोणाला कसे खाली ठेवायचे हे हिंडलीला कोणी शिकवावे लागले नाही.

मालकाची मुलगी कॅथरिन आणि हा मुलगा बरोबर वाढतात. एका संध्याकाळी दोघे लिंटन ह्या बड्या घराच्या खिडकीतून आत डोकावतात. कुत्रा सुटतो आणि कॅथरिनचा पाय धरतो. दोघांना आत नेले जाते. ती कोणाची मुलगी हे कळताच तिला शेकोटीजवळ बसवतात, मोलकरीण कोमट पाण्याने तिचे पाय धुते, मांडीवर केक ठेवतात. त्याला पाहून घरमालक म्हणतो की हा कोणी लस्कर दिसतो, नाही तर कुठला तरी टाकून दिलेला परदेशी. भल्या घरात राहायला तो लायक नाही म्हणून त्याला बाहेर काढतात. तो पुन्हा त्याच खिडकीशी जातो आणि बाहेरच्या अंधारातून तिचे पाय धुतले जाताना पाहतो. लस्कर म्हणजे इंग्रजी जहाजांवर राबणारा हिंदी खलाशी. दोघांनी एकच खोडी केली, एकाच कुत्र्याने गाठले, आणि एक आत राहिली, एक बाहेर. हा प्रसंग मी शिकवतो तेव्हा वर्गात वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

पाच आठवड्यांनी कॅथरिन घरी येते ती रेशमी कपड्यांत, आणि त्याच्या मळकेपणाला हसते. पुढे लिंटनचा मुलगा एडगर तिला मागणी घालतो. ती नेलीपाशी मन मोकळे करते. हेथक्लिफशी लग्न केले तर आपण खाली येऊ, असे ती म्हणते, आणि लगेच पुढे तो आणि आपण वेगळे नाहीच अशी त्याच्यावरच्या प्रेमाची कबुली देते. हेथक्लिफ आडून फक्त पहिला भाग ऐकतो आणि निघून जातो. समीक्षक ह्याला दुर्दैवी गैरसमज म्हणतात. मला तसे वाटत नाही. त्याने ऐकायचे ते बरोबर ऐकले. दुसरा भाग खरा होता, पण लग्न पहिल्या भागाप्रमाणे झाले. एडगरच्या पैशाने हेथक्लिफला वर काढू असा कॅथरिनचा भाबडा बेतही होता. नवऱ्याच्या तिजोरीतून प्रियकराचा उद्धार! उद्धार करणाऱ्यांचे असे बेत आपण बरेच पाहिले आहेत.

तीन वर्षांनी हेथक्लिफ पैसा आणि सफाई मिळवून परततो. मग तो जे करतो ते भयंकर आहे, आणि ते सगळे कायद्याच्या चौकटीत आहे. हिंडलीला कर्जात बुडवून घर गहाण घेतो. एडगरच्या बहिणीशी लग्न करतो ते इस्टेटीवर डोळा ठेवून. आपल्या मरायला टेकलेल्या मुलाचे लग्न एडगरच्या मुलीशी तिला कोंडून ठेवून लावतो, म्हणजे तिची मालमत्ता नवऱ्याकडे आणि नवऱ्याकडून आपल्याकडे येईल. सी. पी. सँगर ह्या कायद्याच्या जाणकाराने १९२६ साली ह्या कादंबरीतील वारसाहक्काचे व्यवहार तपासले आणि एमिलीला कायदा किती बारकाईने ठाऊक होता हे दाखवले. ज्या हत्याराने हेथक्लिफला बाहेर ठेवले गेले तेच हत्यार, म्हणजे लग्न आणि मालमत्ता, तो उलटे फिरवतो. पण हत्यार मोडत नाही. त्याच्या हाताखाली दुसरा हेथक्लिफ तयार होतो. हिंडलीचा मुलगा हेअरटन ह्याला तो मुद्दाम अडाणी ठेवतो. घराच्या दारावर ह्या मुलाच्याच पूर्वजाचे, त्याचेच नाव कोरलेले आहे, खाली १५०० साल आहे, आणि त्याला ते वाचता येत नाही. शेवटी दुसरी कॅथरिन त्याला वाचायला शिकवते आणि त्या धड्यातून दोघांचे प्रेम उगवते. इंग्रजी कादंबरीत मला पटलेली प्रेमाची दृश्ये थोडी आहेत. त्यांत पुस्तकावर वाकलेली ही दोन डोकी आहेत.

येथे एक सावधगिरी. हेथक्लिफला दलित म्हणून टाकणे सोपे आहे, पण ते चुकीचे ठरेल. तो तीन वर्षांत जंटलमन होऊन येतो आणि लोक त्याला दिवाणखान्यात बसवतात. जातीला असे तीन वर्षांत ओलांडता येत नाही. पैसा, पदवी, नोकरी मिळूनही ओलांडता येत नाही. २०१३ साली सोनईत आणि २०१४ साली खर्ड्यात वरच्या जातीच्या मुलीशी असलेल्या जवळिकीच्या कारणावरून आपली पोरे मारली गेली, तेव्हा दार ठोठावण्याची शिक्षा काय असते हे आपण पाहिले. साम्य पाहताना हे अंतर पुसू नये.

हार्डीच्या 'टेस'विषयी मी थोडक्यात लिहितो, कारण तिच्यावर मराठीत पुष्कळ बोलले जाते. १८९१ ची कादंबरी. लग्नाच्या रात्री एंजल क्लेअर आपले पूर्वीचे पाप सांगतो आणि टेस क्षमा करते. तिच्यावर झालेला अत्याचार ती सांगते आणि तो तिला सोडून जातो. पण त्याहून मला अस्वस्थ करते ते आधीचे प्रकरण. तिचे बाळ मरते. पाद्रीने बाप्तिस्मा दिलेला नाही म्हणून त्याला इतरांसारखी माती मिळत नाही. बाप्तिस्मा न झालेली पोरे, दारुडे आणि आत्महत्या केलेले ज्या कोपऱ्यात पुरतात तिथे त्याला पुरतात. मेल्यावरही जागा वेगळी, हे आपल्याला परके नाही. ही कादंबरी साप्ताहिकातून क्रमशः छापताना संपादकीय सोवळ्यासाठी हार्डीला बाप्तिस्म्याचा प्रसंग गाळावा लागला. एंजल मुलींना उचलून पाण्यातून पलीकडे नेतो, तिथे त्याच्या हाती ढकलगाडी द्यावी लागली!

'ज्यूड द ऑब्स्क्युअर' १८९५ ची. हिच्यावर मी अलिप्तपणे लिहू शकत नाही. ज्यूड हा अनाथ खेडवळ मुलगा आत्याच्या बेकरीची पावाची गाडी हाकताना मांडीवर लॅटिनचे पुस्तक उघडून वाचतो. घोडा वाट जाणतो, म्हणून लगाम सैल. त्याला क्राइस्टमिन्स्टरला, म्हणजे ऑक्सफर्डला, शिकायचे आहे. दगड घडवायचे काम शिकून तो त्या शहरात जातो, ज्या कॉलेजांच्या भिंती दुरुस्त करतो त्यांच्या आत जायला मिळावे म्हणून पत्रे लिहितो. एकाच प्राचार्याचे उत्तर येते. आपण कामगार आहात, आपल्या धंद्यातच राहिलात तर आपले अधिक भले होईल, अशा आशयाचे. मी हे पान पहिल्यांदा वाचले तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. त्या पत्रातला सभ्यपणा मला ओळखीचा वाटला.

ह्या शिक्षणाच्या गोष्टीत प्रेम-विवाह कुठे येतो? दोन्ही एकाच वेळी त्याच्यावर बंद होतात. अ‍ॅराबेला दिवस गेल्याचे खोटे सांगून त्याच्याशी लग्न लावते आणि पुस्तके बाजूला पडतात. नंतर ती ऑस्ट्रेलियाला निघून जाते. सू ही त्याची मामे-आतेच्या नात्यातली, बुद्धीने त्याच्याहून तल्लख. तिचे लग्न वयस्क शिक्षक फिलॉट्सनशी होते. दोन्ही लग्ने कायद्याने मोडल्यावर ज्यूड आणि सू एकत्र राहतात, पण दोनदा तीनदा ठरवूनही लग्नाच्या कागदावर सही करीत नाहीत. कराराने प्रेम करायला भाग पाडले की प्रेम मरते, असे सूचे मत. नवराबायको नाहीत ही कुजबुज सुरू होते. एका चर्चमध्ये दोघे भिंतीवरच्या दहा आज्ञांची अक्षरे रंगवीत असतात; लोक कुजबुजतात आणि ते काम जाते. मुले घेऊन क्राइस्टमिन्स्टरला येतात तर राहायला खोली मिळत नाही. घरमालकिणी आधी लग्नाचे विचारतात. आपण खोली शोधायला गेलो की आधी आडनाव विचारतात, तसे.

त्यातून जे घडते ते वाचवत नाही. अ‍ॅराबेलापासून झालेला ज्यूडचा थोरला मुलगा, आपण मुलेच फार झालो म्हणून आईबापांना जागा मिळत नाही असे समजून, धाकट्या दोघांना मारतो आणि स्वतः गळफास घेतो. हा प्रसंग अवास्तव आहे, लेखकाने ओढूनताणून आणला आहे, अशी टीका झाली. असेल. पण उपाशी घरातल्या मोठ्या पोराच्या डोक्यात कसले हिशेब चालतात हे टीकाकारांना ठाऊक होते असे मला वाटत नाही. वेकफील्डच्या बिशपने हे पुस्तक आगीत टाकले. 'ज्यूड'नंतर हार्डीने नवी कादंबरी लिहिली नाही.

कामगारांसाठी ऑक्सफर्डमध्ये १८९९ साली रस्किन कॉलेज निघाले. हार्डीने १९१२ च्या टिपणात लिहून ठेवले आहे की त्याला ज्यूडचे नाव द्यायला हवे होते असे काही वाचकांचे मत पडले. ज्यूडचे दार असे उशिरा का होईना थोडे उघडले. सू मात्र मुलांच्या मृत्यूला आपल्या पापाची शिक्षा समजून फिलॉट्सनकडे परत जाते, त्याच्याशी पुन्हा लग्न लावते, आणि ज्याच्या स्पर्शाने तिला शिसारी येत होती त्याच्या खोलीचे दार स्वतःच्या हाताने वाजवते. त्या मुलीने मला विचारलेला प्रश्न डार्सीच्या उत्पन्नाचा होता. गेल्या वर्षी दुसऱ्या एका मुलीने सूविषयी विचारले, की ती एवढे वाचलेली होती तरी परत का गेली. तास संपला होता, कोणी उठले नाही.